टप्प्यातला आवाज

खत्रीशेठ तिसऱ्यांदा भर रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि हातातल्या वॉकीटॉकीत तेच वाक्य पुन्हा बोलला, तरी अण्णांचं समाधान होईना. ते दुकानात स्टुलावर डोळे मिटून बसले होते, दुसरा सेट कानाशी धरून. मी शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस आता आम्हा बापलेकींना हाताला धरून बाहेर काढणार.

"हा नको," अण्णा म्हणाले. "यात डबा बोलतो. माणूस बोलत नाही."

खत्रीशेठ घाम पुसत आत आला. बिचाऱ्यानं बॅटरीचे गुण गायले, टप्पा किती लांब ते सांगितलं, पाण्यात पडला तरी सेटला काही होत नाही म्हणाला. अण्णांनी त्याला शांतपणे सांगितलं की ते पाण्यात बसून ऐकणार नाहीत. अकोल्याच्या त्या गल्लीत लग्नाचे मांडववाले, कापसाच्या जिनिंगचे चौकीदार असली गिऱ्हाइकं यायची. त्यांना कुणी चार सेट ऐकवून दाखवत नसे. नि इथे हा म्हातारा गाणं शिकायला बसल्यासारखा प्रत्येक सेटवर मान हलवत होता.

आमचे अण्णा चोखंदळ होते असं मात्र कुणी समजू नये. भाजीला पाठवलं तर पहिल्या पाटीवरची पहिली जुडी उचलून आणत. आईलासुद्धा त्यांनी पहिल्याच खेपेला पसंत केलं होतं, आणि ती आयुष्यभर म्हणायची, दुसरी बघितली असती तर बरं झालं असतं, मी सुटले असते. अशा माणसानं एका यंत्रासाठी दुकानदाराला उन्हात तीनदा उभं करावं, म्हणजे ते यंत्र साधं नव्हे हे माझ्या ध्यानात आलं होतं. ते कशासाठी हवंय तेही मला ठाऊक होतं. पण ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आमच्या गावंडे मंडळींत मुद्द्याचं बोलायचं म्हणजे जिवावर येतं.

अण्णा टाकरवाडीचे स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. चार पंख्यांचं, दोन बाकांचं स्टेशन. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधलं तेही तिथल्याच रुळांच्या कडेला. मागच्या दारी तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे चर, आणि चराच्या वर खडीवरून जाणारी लूप लाइन, म्हणजे एक्सप्रेसला वाट द्यायला मालगाडीला जिथे बाजूला घेतात तो रूळ. मी गावच्या शाळेत मास्तरीण. लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, त्यावरून आता काही म्हणू नका. आणि माझा धाकटा भाऊ पुरुषोत्तम, आमचा पुरू, मालगाडीवर गार्ड. भुसावळ ते बडनेरा, म्हणजे आमच्या घराच्या मागूनच त्याची ये-जा.

आणि तो घरात येत नव्हता.

आई गेली तेव्हा पुरू गाडीवर होता. निरोप पाठवला, वाट पाहिली, ऊन चढलं, म्हातारे कुजबुजू लागले. शेवटी काकांच्या मुलानं अग्नी दिला. पुरू पोचला तो दिवेलागणीला, युनिफॉर्ममध्येच, पायातले बूट न काढता. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "पोटच्या पोरानं आईला खांदा दिला नाही. या घरात आता तुझं कुणी नाही. नीघ." तो जरा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याला थांबवायला मी ओट्याच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले, कारण अण्णांचा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

त्याला दोन वर्षं उलटली. पुरूचं नाव घरात निघेनासं झालं. मी शाळेतून त्याला फोन करायची. तो सगळ्यांची चौकशी करायचा, आणि अण्णांची करताना त्याचा आवाज बारीक व्हायचा. मग अण्णांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा जपा, पुढचं सांगता येत नाही. त्या दिवसापासून मला एकच घोर लागला होता. यांचं काही बरंवाईट झालं आणि बापलेकाचं बोलणं झालेलं नसलं, तर पुरू जन्मभर झुरत राहील, आणि अण्णांचा जीवही सुखानं जायचा नाही. दोघांपैकी एकानं वाकायला हवं होतं. पण दोघंही एकाच माळेचे मणी.

अशात एके दिवशी अण्णा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "बेबी, हल्ली गार्ड नि ड्रायव्हर वॉकीटॉकीवर बोलतात म्हणे. आमच्या वेळी झेंडी नि शिट्टी. तसला एखादा सेट मिळाला तर ऐकायला बरं. वेळ जाईल."

वेळ जाईल! मी म्हटलं, चला अकोल्याला.

खत्रीशेठनं चौथा सेट काढला तो कपाटाच्या तळातून. जुना, जड, कडेला पोपडे निघालेला, एरियल जरा वाकडं. म्हणाला, हा दाखवायला लाज वाटते, पण बघा. परत रस्त्यावर गेला. अण्णांनी डोळे मिटले. सेटमधून खत्रीशेठचा आवाज आला, आणि मलासुद्धा जाणवलं की या आवाजात खत्रीशेठला सकाळपासून भूक लागलीय. अण्णांच्या कपाळावरची आठी गेली.

"हा," ते म्हणाले. "यात दम लागलेला कळतो."

मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. बोलायचं बटण नसलेला मिळेल का? खत्रीशेठ हसला. म्हणाला, साहेब, बटण नसलं तर तो रेडिओ झाला, वॉकीटॉकी कसला? आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाला की याला परवाना लागतो, नुसतं ऐकायचं म्हटलं तरी लागतो, ते तुमचं तुम्ही बघा. अण्णा म्हणाले, मला माहीत आहे. ज्या माणसानं जन्मात बिनतिकिटाचा पाहुणा फाटकाबाहेर जाऊ दिला नव्हता, त्यानं एवढं वाक्य जमिनीकडे बघत म्हटलं.

घरी आल्यावर अण्णांनी पलंग मागच्या खिडकीशी ओढून घेतला आणि सेट उशाशी ठेवला. तो रेल्वेच्या नेमक्या कुठल्या लहरीवर लावायचा हे त्यांनी कुणाकडून काढलं ते मला विचारू नका. ते हिवाळ्याचे दिवस होते. तुरी फुलल्या होत्या, कापसाच्या बोंडांवर सकाळचं धुकं बसायचं आणि दहा वाजले तरी उठायचं नाही. त्या धुक्यात आमचं घर आणि रूळ जगापासून सुटून कुठेतरी वाहत निघाल्यासारखे वाटायचे. आणि मग सेट खरखरायचा. आधी नुसती खरखर, मग तिच्यात एखादा शब्द, जसा झोपेत कुणी हाक मारावी तसा. गाडी जवळ येईल तसा तो शब्द भरत जायचा, त्याला कंठ फुटायचा, श्वास यायचा, आणि अगदी आपल्या पलंगाशी कुणी बोलतंय असं वाटेपर्यंत गाडी खिडकीमागून जायची. मग तोच आवाज विरत विरत धुक्यात परत. दहा मिनिटांत माणूस येऊन, बसून, निघून गेल्यासारखं.

मीही शाळेतून आले की पलंगाच्या पायथ्याशी बसू लागले. ऐकून ऐकून मला रेल्वेची बोलण्याची रीत कळली. तिथे एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं. सिग्नल हिरवा म्हटलं की सिग्नल हिरवा. गाडी चालू करा म्हटलं की गाडी चालू करतो. परत म्हटलं नाही तर सांगितलंच नाही असं धरतात. अण्णा म्हणाले, ही शिस्त नाही तर दुसरं काय, संसारात असं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती. मी म्हटलं, संसारात तुम्ही आईचं एक तरी वाक्य परत म्हटलंत का? त्यांनी सेटचा आवाज मोठा केला.

आणि एका दुपारी तो आवाज आला. अर्ध्या वाक्यातच मी ओळखला. अण्णांनी माझ्याही आधी. ते उठून बसले नाहीत, फक्त पांघरुणावरचा त्यांचा हात थांबला. पुरू ड्रायव्हरला सांगत होता की मागे सगळं ठीक आहे. एवढंच. गाडी गेली, आवाज गेला. बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "सर्दी झालीय त्याला." त्या एका वाक्यात दोन वर्षं भरलेली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि फोडणीचा धूर झाला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पुरूला फोन करून सगळं सांगून टाकलं. अण्णांनी मला शपथ घातली नव्हती, त्यामुळे मोडायचा प्रश्नच नव्हता. पलीकडे पुरूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, सर्दी बरी झाली म्हणून सांग." मी कशी सांगणार! पण त्यानंतर टाकरवाडीच्या टप्प्यात आलं की पुरू वेगळा बोलू लागला. बाकीचे गार्ड अर्धं गिळून बोलायचे. हा एकेक शब्द उलगडून, सावकाश, पुस्तकात असावं तसं पूर्ण वाक्य म्हणायचा. अण्णा मला हळूच सांगायचे, बघ, याला म्हणतात बोलणं. त्यांच्या अंगावर जरा तेज आलं. दोन घास जास्त जेवू लागले. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या गोळ्यांचा गुण नाही हा.

पण ऐकणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मला रोज टोचत होतं. पुरूची मालगाडी मधूनमधून लूपवर थांबायची, आणि तिचा शेवटचा डबा, म्हणजे गार्डची ब्रेकव्हॅन, बरोबर आमच्या कुंपणासमोर यायची. पुरू आत बसलेला असायचा, अण्णा खिडकीच्या आत पडलेले असायचे, आणि मध्ये एक तारेचं कुंपण नि एक चर. मी अण्णांना म्हटलं, जरा बाहेर जा, ऊन खा. ते म्हणाले, आज थंडी आहे. दुसऱ्या खेपेला म्हटलं, तर म्हणाले, आज ऊन आहे.

संक्रांतीच्या सुमाराची ती सकाळ. धुकं असं पडलं होतं की आमची तुळससुद्धा दिसत नव्हती. मी शाळेला निघायच्या तयारीत होते. सेट खरखरला, पुरूचा आवाज आला, भरत भरत जवळ आला, आणि मागे चाकांची करकर ऐकू येऊन गाडी थांबली. दोन एक्सप्रेस जायच्यात, वेळ लागेल, असं ड्रायव्हर म्हणाला. पुरूनं ते परत म्हटलं. मग दोघं जरा इकडचं तिकडचं बोलले. तसं बोलू नये, पण थांबलेल्या गाडीला कंटाळा येतोच. आणि त्या बोलण्यात पुरू म्हणाला, अगदी सावकाश, शब्द उलगडून म्हणाला:

"आज या मार्गावरची माझी शेवटची गाडी. बदली झालीय. लांब पाठवलंय, आता इकडे येणं नाही."

ड्रायव्हर काहीतरी म्हणाला. मी ऐकलं नाही. मला आजही वाटतं की ते वाक्य ड्रायव्हरसाठी नव्हतंच.

अण्णा उठून बसले. त्यांनी सेट हातात घेतला. त्यांचा अंगठा कडेच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला. मी दारात उभी होते. एक दाब पुरेसा होता. दाबा, मी मनात म्हणत होते, एकदाच दाबा, त्याचं नाव घ्या, पुढचं देव बघून घेईल. मग त्यांनी अंगठा उचलला.

"गाडीच्या बोलण्यात घरचं बोलणं येता कामा नये," ते म्हणाले. "त्यानं माणसं मरतात."

सेट पलंगावर ठेवून ते उभे राहिले आणि मागच्या दारानं, अनवाणी, त्या धुक्यात चालू लागले. ज्या माणसाला मी मोरीपर्यंत हात देऊन नेत होते, तो माणूस! मी शाल उचलली, सेटही उचलला, का ते माहीत नाही, आणि मागे धावले. ते कुंपणाच्या तारेला धरून उभे होते. समोर ब्रेकव्हॅन धुक्यात तरंगत होती, आणि तिच्या कठड्याशी पुरू. दोन वर्षांत त्याचे केस कानाशी पांढरे झाले होते. अण्णांना पाहिल्याबरोबर त्यानं खाली उतरण्यासाठी पायरीवर पाय टाकला.

अण्णांनी हात वर केला.

"उतरू नको," ते म्हणाले. "गाडी सोडू नको."

पुरूचा पाय पायरीवरच राहिला. आणि मला त्या क्षणी समजलं की अण्णा काय म्हणाले. आई गेली त्या दिवशी पुरूनं जे केलं होतं, आणि ज्याबद्दल त्याला घराबाहेर काढलं होतं, तेच अण्णा त्याला आज करायला सांगत होते. गार्डनं गाडी सोडायची नसते हे त्याला लहानपणी मांडीवर बसवून शिकवलं होतं ते अण्णांनीच. त्यांनी क्षमा मागितली नाही. मागितली असती तर मला ती इतकी लागली नसती.

पुरूनं पाय मागे घेतला. नोकरीची सवय वाईट असते.

"उतरत नाही," तो म्हणाला. "गाडी सोडत नाही, अण्णा."

"गाडी पोचव. मग घरी ये."

यावर पुरू काही बोलेना. त्यानं टोपी काढून तोंडाशी धरली होती. अण्णा तार धरून थांबले. पहिली एक्सप्रेस धडधडत गेली, धुकं हललं आणि परत बसलं, तरी अण्णा थांबलेलेच.

"परत म्हण," ते म्हणाले. "नाही म्हटलंस तर मी सांगितलंच नाही असं होईल."

"गाडी पोचवतो," पुरू म्हणाला. "मग घरी येतो."

दुसरी एक्सप्रेस गेली. माझ्या हातातल्या सेटमध्ये ड्रायव्हर गार्डला बोलावू लागला, सिग्नल हिरवा. पुरूनं डोळे पुसले आणि उत्तर दिलं. तो आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा समोरून आणि एकदा हातातून. गाडीला झटका बसला. ब्रेकव्हॅन हळूहळू धुक्यात शिरली, आणि अण्णा म्हणाले, बेबी, माझे पाय गारठलेत, आत चल.

पुरू आला तो दोन दिवसांनी, सकाळचा. नवीन जागी हजर व्हायला त्याला चार दिवसांची सवड होती. मी शिरा केला, तो त्यानं परत मागून घेतला. आईच्या फोटोला हार घातला. मग पलंगाशी सतरंजीवर बसला. बाहेर तेच धुकं. अण्णा डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोप लागली.

"त्या दिवशीचं सांग," अण्णा म्हणाले.

पुरूनं माझ्याकडे पाहिलं. मग सांगू लागला. एका लहान स्टेशनवर त्याला निरोप मिळाला. तिथल्या मास्तरांनी स्वतः ब्रेकव्हॅनपाशी येऊन सांगितलं. दुसरा गार्ड मिळेल का म्हणून त्यानं विचारलं, पण त्या आडगावी कुठून मिळणार! पुढच्या मोठ्या स्टेशनला सोडू म्हणाले. मग गाडी निघाली. एका स्टेशनामागून एक स्टेशन तो सांगत होता, कुठे थांबवलं, कुठे सोडलं, कुणी पाणी दिलं, आणि प्रत्येक स्टेशन संपलं की अण्णा डोळे न उघडता विचारत, "मग?" लहान मूल गोष्ट ऐकताना विचारतं तसं.

"मग टाकरवाडी," पुरू म्हणाला आणि थांबला.

हे मला ठाऊक नव्हतं. अण्णांनाही नव्हतं. त्या दुपारी एक मालगाडी मागून गेली होती, एवढं मला आठवलं. सगळे पुढच्या अंगणात आईभोवती होते, आणि गाडी जाईपर्यंत गप्प बसले होते, कारण गाडी जाताना आमच्याकडे कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही.

"मागच्या दारी कुणी नव्हतं," पुरू म्हणाला. "दोरीवर आईचं हिरवं लुगडं वाळत होतं. मी कठड्याशी उभा होतो. गाडी थांबली नाही, अण्णा."

"सिग्नल?"

"हिरवा होता."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या पापण्यांखालून पाणी येऊन कानाकडे ओघळलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. हात चाचपडत पलंगाबाहेर काढला आणि तो पुरूच्या डोक्यावर ठेवला.

"मग?" ते म्हणाले.